पासपोर्ट आधी पश्चिमेला गेला त्याची हकीकत

घाटकोपर (पश्चिम), मुंबई
शुक्रवार, २२ फेब्रुवारी १९८५

तीर्थस्वरूप दत्तारामभाऊ यांस घाटकोपरहून काशीरामाचा साष्टांग नमस्कार.

(तुम्ही माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहात हे मी विसरलेलो नाही. पण तुम्ही सुलक्षणेचे थोरले भाऊ, आणि तुमचं कार्ड वाचल्यावर नमस्कार जरा जास्तच वाकून घालावा असं वाटलं.) तुम्ही, वहिनी, मुलंबाळं आणि गोठ्यातली मंडळी सगळी खुशाल असाल. काजू यंदा कसा मोहोरलाय? विहिरीत पाणी कितपत आहे? वहिनींना म्हणावं, कोकमं पोचली आणि निम्मी मस्कतलाही पोचली. इकडे मी ठणठणीत आहे. हवा बरी आहे, नळाला सकाळी दीड तास पाणी येतं, आणि मला एकट्याला दीड तासाचं पाणी करायचं काय असा प्रश्न पडतो, तेव्हा काळजी करण्यासारखं काही नाही.

आता तुमचं कार्ड. त्यात खुशालीची चौकशी दीड ओळ आणि उरलेल्या अकरा ओळी माझी हजेरी. (पत्त्याच्या बाजूलाही दोन ओळी घुसवल्यात. पोस्टमन म्हणाला, "काका, मेव्हणे कडक दिसतात." मी म्हटलं, "एस्टीत सत्तावीस वर्षं कंडक्टर होते, बाबा. सुटे नाहीत म्हटलं की माणूस उतरवायचे.") माझा मरोळचा मित्र सहदेव, त्याचा पुतण्या गेल्या शनिवारी गावी पोचला आणि त्याने कुडाळच्या स्टँडवर सांगितलं म्हणे, की काशीरामाने बायकोचा पासपोर्ट समुद्रात घातला आणि ती बाई मस्कतला न जाता भलतीकडेच उतरली. भाऊ, ह्यातला समुद्र तेवढा खरा आहे. पासपोर्ट पाण्यात पडला नाही, चिखलातही पडला नाही. चिखलात मी पडलो. आणि सुलक्षणा जिथे उतरायची तिथेच उतरली. सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच उचलून सांगितलं की माझी चूक आहे त्याहून मोठी दिसते.

आधी तुमच्या हिशेबाचं बघू. तुम्ही लिहिता, तिकिटावर मुंबईहून दुपारी साडेचारला सुटणार आणि मस्कतला साडेपाचला पोचणार असं आहे, म्हणजे झाला एक तास. एका तासात आपली गाडी कुडाळहून कणकवली गाठते, तीही ओरोसला फार माणसं चढली नाहीत तर. मग एका तासात परदेश कसा येईल? तासाभराचं विमान गोव्याचं, तेव्हा एजंटाने सुलक्षणेला गोव्याच्या विमानात कोंबलं आणि मी खाली उभा राहून हात हलवत बसलो, असं तुमचं म्हणणं. भाऊ, तुमच्या धंद्याचा मान राखून सांगतो, अंतर घड्याळावरून नाही मोजायचं, नकाशावरून मोजायचं. आमच्या नलूचं शाळेतलं नकाशाचं पुस्तक मी अजून जपून ठेवलंय. त्यात सहारचा विमानतळ जिथे असावा तिथे टाचणी लावली, मस्कतला दुसरी लावली आणि मधे दोरा ताणला. (तीस वर्षं गिरणीत साच्यावर कापड विणत काढली, दोरा किती ताणायचा ते मला सांगायला नको. तरी दुसऱ्यांदा सुलक्षणेसमोर मोजताना सव्वाशे मैल जास्त आले. ती म्हणाली, "मी बघत असले की तुमचं सगळंच वाढतं.") तर सरळ रेघेत पंधराशे सत्तर किलोमीटर. मुंबईहून तुमच्या कुडाळच्या सव्वातीनपट. त्याला विमानाला लागतात अडीच तास. मग तिकिटावर एकच कसा? तर सूर्य आधी घाटकोपरला येतो आणि मस्कतला दीड तासाने पोचतो. आपल्याकडे साडेचार वाजतात तेव्हा तिकडे तीनच वाजलेले असतात. तीनात अडीच मिळवा, साडेपाच. हे मला कोणी शिकवलं नाही. शाळा चौथीत सुटली. कंदील मधे ठेवून नारळ त्याच्याभोवती फिरवून मी स्वतः पडताळून पाहिलं. सुलक्षणेला हाक मारून दाखवलं तर म्हणाली, "खरं आहे तुमचं, पण पृथ्वी इकडे द्या, वाटण करायचंय."

एवढ्यात हसून घ्या, कारण ह्यापुढे जे झालं त्याची सुरुवात तुमच्या आधीच्या कार्डाने झाली आहे. राग मानू नका, ते कार्ड माझ्यासमोर आहे. त्यात तुमच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलंय: "शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो. सुलक्षणेला शुक्रवारी पाठवू नये." आता नलूचे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी वीस तारीख सांगितलेली. जावई नंदकिशोर दिवसभर कामावर, घरात बाईमाणूस नाही, शेजारी सगळे अरबीत बोलणारे. व्हिसाचा कागद यायलाच दोन महिने गेले होते. पंधरा तारखेच्या त्या शुक्रवारच्या विमानात एक जागा मिळाली, पुढची जागा दहा दिवसांनी. म्हणजे हे विमान चुकलं असतं तर पोरीचं पहिलं बाळंतपण आईशिवाय झालं असतं. सुलक्षणा दोन रात्री डोळ्याला डोळा न लावता बसली होती. एका बाजूला पोरगी, एका बाजूला भावाचं कार्ड. (भाऊ, तुमच्या अक्षराला ती अजून घाबरते.) तेव्हा मीच म्हटलं, आपल्या जुन्या लोकांनी ह्याची सोय करून ठेवलीय. प्रस्थान ठेवू.

म्हणजे नेहमीचंच. ज्या दिवशी निघू नये त्याच्या आदल्या दिवशी चांगली वेळ बघून प्रवाशाचं एखादं वापरलेलं कापड, तांदूळ, सुपारी, नारळ असं गाठोडं बांधायचं, जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी जाताना उचलायचं. प्रवास गुरुवारीच सुरू झाला असं दिशांना वाटतं, शुक्रवारचं काही बोलत नाहीत. गावी जाताना आम्ही चाळीतच चार दारं सोडून सावंतीणबाईंकडे ठेवतो. चाळीस पावलं. आजवर कधी गाडी पंक्चर झाली नाही.

पण मला वाटलं, कुडाळला चाळीस पावलं, तर मस्कतला चाळीसच कशी पुरतील? त्रैराशिक मांडलं. अंतर सव्वातीनपट, म्हणजे एकशे एकतीस पावलं. हे झालं एस्टीच्या वेगाने. विमान एस्टीच्या अठरापट पळतं. (मस्कतचे पंधराशे सत्तर अडीच तासांत, तुमचे चारशे ऐंशी चौदा तासांत, भागून बघा.) एकशे एकतीस गुणिले अठरा, तेवीसशे अठ्ठावन्न. बुधवारी सकाळी मी चाळीच्या दारातून पश्चिमेला तोंड करून पावलं मोजत निघालो. बावीसशेपर्यंत सगळं ठीक. तेवीसशे अठ्ठावन्नावं पाऊल असल्फ्याला एका म्हशींच्या तबेल्यात पडलं. मालक म्हणाला, "क्या चाहिए?" काय सांगणार? म्हशीच्या पुढ्यात तांदळाचं गाठोडं ठेवून सकाळी ते तिथे सापडेल ह्याची खात्री कोण देईल? तेव्हा पश्चिमेलाच पुढचा ओळखीचा कोण, तर मरोळचा सहदेव. गिरणीत माझ्याच खात्यात साच्यावर होता. शिवाय त्याच्या गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की सहारची विमानं दिसतात. मी म्हटलं, ह्यापेक्षा चांगली जागा पंचांग करणाऱ्यालाही सुचली नसती.

गुरुवारी सकाळी नऊ दहाला गाठोडं बांधलं. सुलक्षणेचं जुनं लुगडं, मूठभर तांदूळ, सुपारी, नारळ. आणि इथे, भाऊ, माझी अक्कल थोडी जास्त चालली. प्रवाशाच्या अंगची वस्तू ठेवायची म्हणतात. मग लुगड्यापेक्षा तिच्या अंगची वस्तू कुठली? पासपोर्ट! त्यात तिचा फोटो, तिची सही, तिच्या गालावरचा तीळसुद्धा सरकारने लिहून घेतलाय. दिशांनी चौकशी केली तर लुगडं कुणाचंही असेल म्हणतील. पासपोर्टाला काय म्हणणार? (शिवाय मनात हेही होतं की घरी राहिला तर ती तो सुरक्षित जागी ठेवते, आणि तिने सुरक्षित ठेवलेली वस्तू अजून कुणाला सापडलेली नाही.) व्हिसाचा कागद आत घातला, लुगड्याच्या घडीत सरकवला, गाठ मारली. तिला सांगितलं नाही. अपूर्वाईने सांगू म्हटलं. बसने मरोळला जाऊन सहदेवाच्या बायकोच्या, विमलावहिनींच्या हातात गाठोडं दिलं आणि ऐटीत सांगितलं, "पश्चिमेचं प्रस्थान आहे, जपा."

त्यांनी फार जपलं.

शुक्रवारी बारा वाजता बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांसकट सगळं सामान घेऊन आम्ही मरोळला हजर. दोन वाजता सहारला जायचं, तोवर त्यांच्याकडे चार घास खायचे आणि गाठोडं उचलायचं असं ठरलेलं. विमलावहिनी दारातच हसत उभ्या.

"या भावजी. प्रस्थानाची काळजी करू नका. कालच पुढे पाठवलं."

"पुढे म्हणजे कुठे?"

"पश्चिमेला. अहो, मस्कत एवढं लांब, त्याला मरोळात ठेवून कसं भागेल? आमची द्रौपदी मासेवाली टोपली रिकामी झाली की वेसाव्याला जाते, तिच्याकडे दिलं. वेसाव्याच्या पुढे काय, समुद्रच."

भाऊ, मी रागावणार कुठल्या तोंडाने? हिशेब तंतोतंत माझाच होता, फक्त त्यांनी कागद-पेन्सिल न घेता केला होता. सुलक्षणा तर खूश. "बरं केलंस गं, राहू दे तिकडेच. जुनेरच होतं." आणि पानावर बसली. तेव्हा मला सांगावं लागलं, लुगड्याच्या घडीत काय आहे ते.

सहदेवाच्या हातातला घास हातात राहिला. सुलक्षणेने पान पुढे सरकवलं. तिने पान सरकवलं की काय होतं ते तुम्ही लहानपणापासून जाणता. मग हळूच म्हणाली, "अहो, चाळीस पावलांवर सावंतीणबाईंकडे ठेवलं असतं, तर तुमच्या नकाशाला वाईट वाटलं असतं का?" आणि डोळ्याला पदर लावला. "नलू तिकडे वाट बघत असेल हो." ते ऐकलं आणि मी पायात चप्पल सरकवली. ती मात्र बरोबर येईना. एकदा सामान घेऊन निघाल्यावर वेसाव्याला जायचं आणि परत पूर्वेला सहारला यायचं म्हणजे उलटी वाट. "मी इथून पुढेच जाणार, मागे नाही," म्हणाली. ठरलं असं की तिने विमलावहिनींबरोबर सरळ विमानतळावर जावं, आणि मी आणि सहदेवाने रिक्षाने वेसावं गाठावं. सव्वाबारा वाजले होते. साडेतीनला विमानतळावरची खिडकी बंद.

(इथे एक आकडा लिहून ठेवतो, तुम्हाला आवडेल. विमान ताशी सव्वासहाशे किलोमीटर जातं. आमची रिक्षा अंधेरीच्या फाटकापासून पुलापर्यंत ताशी दीड किलोमीटर गेली. सहदेव रिक्षावाल्याला म्हणाला, "भाई, जल्दी, मस्कत जाना है." तो मागे वळून म्हणाला, "मीटर से जाएगा ना?")

वेसाव्याला बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमधून वाट काढत द्रौपदीचं घर शोधलं. बाई जाळं शिवत बसली होती. गाठोडं कुठे विचारलं तर म्हणाली, "होडीवर हाय. घरान पोरं हायत, नारल फोडून खातील. आनि आमची होडी पच्छिमेलाच जाते, म्हटलं तुजं काम होईल." पुन्हा तोच हिशेब! ह्या मुंबईत भाऊ, कुणालाही पश्चिम सांगा, जो तो तुम्हाला आणखी थोडं पुढे सरकवतो. होडी संध्याकाळनंतर भरती आली की सुटणार होती. आता ओहोटी, म्हणजे होडी समोर दिसत होती, पण मधे पन्नास हात चिखल.

सहदेव म्हणाला, "काशा, मला कंबर आहे रे." जणू मी बिनकंबरेचा. धोतर खोचलं आणि शिरलो. (हो, विमानतळावर जायचं म्हणून नवं धोतर नेसलो होतो.) पंधराव्या पावलाला डावी चप्पल गेली. विसाव्याला उजवी गेली, तेव्हा डावीचं दुःख कमी झालं. तिसाव्याला मी पूर्ण बसलो. वरून पोरं टाळ्या वाजवत होती. होडीवर द्रौपदीचा नवरा झोपलेला, तो जागा झाला आणि पहिल्यांदा मला चोर समजला, मग वेडा समजला, आणि शेवटी हात देऊन वर घेतलं. होडीच्या टोकाला, देवाच्या तसबिरीखाली, गाठोडं जसंच्या तसं. गाठ सोडली. घडीत पासपोर्ट, पासपोर्टात व्हिसा. सुलक्षणा फोटोतून माझ्याकडे बघत होती, आणि फोटोतही तिची नजर पान सरकवल्यासारखीच होती.

गाठोडं उचलून मागे फिरणार, तोच काठावरून द्रौपदीचा आवाज. "आरं, ते परत उगवतीला नेतंस? मंग ठेवलास कशाला?" मी चिखलात उभा. प्रस्थान उलटं आलेलं सुलक्षणेला चालणार नाही हे मला ठाऊक होतं. पासपोर्ट नेला तर मुहूर्त जातो, न नेला तर विमान जातं. चौथी शिकलेल्या माणसाने करायचं काय? ती बाईच म्हणाली, "कागद तू ने. लुगडा, नारल जाऊ दे पुढं. आज राती होडीबरोबर समिंदरान जाईल." भाऊ, पंचांगं पालथी घातली असती तरी हे सापडलं नसतं. पासपोर्ट मी डोक्यावर धरला, गाठोडं तिथेच ठेवलं, आणि त्याला नमस्कार केला.

पावणेतीनला सहारला पोचलो तेव्हा दारावरच्या पोलिसाने मला आडवा हात केला. अनवाणी, कमरेपर्यंत काळा, अंगाला सुकटीचा वास आणि हातात पासपोर्ट. तो मला विचारतो, "आप जा रहे हैं?" सुलक्षणा धावत आली. पासपोर्टाकडे बघितलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न, "प्रस्थान परत आणलंत?" मी म्हटलं, "तुझं लुगडं आज रात्री समुद्राने निघतंय, तू हवेने नीघ." तेव्हा ती सकाळपासून पहिल्यांदा हसली. पदराने पासपोर्ट पुसला, आणि मग त्याच पदराने माझं कपाळ. काचेच्या आत गेली, एकदा वळली, आणि "दूध उतू घालवू नका" असं काहीतरी म्हणाली असावी. काचेतून ऐकू आलं नाही, पण दुसरं काय म्हणणार?

मी आणि सहदेव त्याच्या गल्लीच्या टोकाला उभे राहिलो. चार पन्नासला एक विमान उठलं. तेच असेल असं धरून हात हलवला. (तुम्ही लिहिलेलं तेवढं खरं.) मग घरी येऊन घड्याळासमोर बसलो. भाऊ, हिशेब माझा होता, अडीच तास, पण त्या दिवशी ते फार सावकाश गेले. शनिवारी तार आली: "आई सुखरूप. लाडूही सुखरूप." तेव्हा गोवा मनातून काढून टाका. ती मस्कतलाच आहे, अरबांच्या शेजारात कोकमाचं सार करते आहे.

आता आवरतं घेतो. कागद संपत आलाय आणि स्टोव्हवरून भात लागल्याचा वास येतोय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि माझ्यावरचा राग शेजाऱ्यांना वाटून टाका.

तुमचा,
काशीराम

ता. क. : महत्त्वाचं राहूनच गेलं. नलूला मुलगी झाली. दोघी छान. दुसरी तार सोमवारी आली. तुम्ही आजोबा झालात, तेव्हा नव्या कार्डावर आवाज जरा खाली ठेवा. आता अडचण अशी, की पोर झाली तेव्हा तिकडे पहाटेचे सहा, सूर्य उगवला नव्हता, म्हणजे आपल्या पद्धतीने रविवार. पण त्याच घटकेला घाटकोपरला साडेसात, ऊन माझ्या खिडकीत, म्हणजे सोमवार. पत्रिका करणाऱ्याला कुठला सूर्य सांगायचा? मी म्हणतो मस्कतचा, कारण पोरीच्या वाट्याला तोच आला. तुमचं मत कळवा, पण खाली दोन रेघा मारू नका.

ता. क. दुसरा : हे पत्र मुख्यतः ह्यासाठीच लिहिलं, वर जागा मिळाली नाही. नलूने तारेत घातलंय की आईला गणपतीपर्यंत ठेवून घेते. पोरीची हौस, मी नाही कसं म्हणू? पण सव्वा महिना झाल्यावर तिथे तिचं तसं काम राहत नाही. तेव्हा रामनवमीच्या सुमाराला तुम्ही तुमची तब्येत थोडी बिघडवा आणि तसं तिला मस्कतला लिहा. फार नको, नाहीतर बाळंतिणीला टाकून येईल; भेटून जावं एवढीच. परतीच्या प्रवासाला घड्याळाने चार तास लागतात, तेव्हा जितकी लवकर निघेल तितकं बरं.

ता. क. तिसरा : तुम्ही म्हणाल, आजार स्वतःच्याच नावावर का नाही लिहीत? अडतीस वर्षांत मी तिच्याशी जितकं खोटं बोललो, तितकं तिने तिथल्या तिथे पकडलं. तुमचं तिला अजून खरं वाटतं.